फिंटनच्या ताटाची व्यवस्था

यंदा एक नोव्हेंबरच्या सकाळी माझ्या स्वयंपाकघरात शेजारचा पॅकी मल्वी माझ्या मेलेल्या भावाचे ताट खाताना सापडला, म्हणून हे मृत्युपत्र मला नव्याने लिहावे लागत आहे. आधीचे, कॅरिकच्या वकिलाकडे ठेवलेले, रद्द समजावे.

मी हनोरा मार्गारेट गिलहूली, वय एकोणऐंशी, अविवाहित, निवृत्त गणित शिक्षिका, राहणार ड्रमकील, परगणा लीट्रिम, हे पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही सांगण्यावाचून लिहिते. डोके शाबूत असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. त्यांना बीजगणित मीच शिकवले असल्यामुळे परीक्षा त्यांनी थोडक्यात आटोपली. हृदयाबद्दल मात्र त्यांना तसा दाखला देता आला नाही.

घर, मागचे शेत आणि अंत्यविधीचा खर्च वजा जाता उरलेली बचत माझी भाची ग्रॅन्या हिला द्यावी. तिला घर विकायचे असेल तर विकावे. माझी अट नाही. अट घालून पाहिली होती. दोन वर्षांपूर्वी ती हॅलोविनला, म्हणजे ३१ ऑक्टोबरला, मेलेले घरी येतात त्या रात्री, डब्लिनहून आली, ती दुकानातला ब्रॅक आणि कागदी पेल्यात भोपळ्याच्या मसाल्याची कॉफी घेऊन. ब्रॅक म्हणजे चहात भिजवलेल्या मनुकांचा पाव, ज्यात अंगठी दडवतात. तो घरात भाजायचा असतो. दुकानातला मी कोंबड्यांना घातला. त्यांनीही मनुका तेवढ्या वेचल्या. तेव्हा मी ग्रॅन्याला विचारले होते की माझ्यानंतर ताट तू ठेवशील का. ती म्हणाली, "मावशी, डब्लिनमध्ये रात्री दार उघडं ठेवलं तर मेलेले नाही, चोर येतील." ती खोटे बोलली नाही, म्हणून घर तिलाच.

ताटाबद्दल नोंद करणे भाग आहे. आमच्या घरची रीत अशी: हॅलोविनच्या संध्याकाळी कोलकॅनन करायचे, म्हणजे उकडून घोटलेल्या बटाट्यात कोबी, कांद्याची पात आणि गरम दूध, मधोमध खळगा करून त्यात लोणी. एक ताट घरातल्या शेवटी गेलेल्या माणसासाठी चुलीसमोर ठेवायचे, दाराची कडी काढायची आणि कोणी पाहत न बसता झोपायला जायचे. शेवटी गेलेला आधीच्यांना वाढतो. त्यामुळे माझ्यानंतर ताट ठेवले गेले नाही, तर मी एकटीच नव्हे, आई, वडील, फिंटन, सगळेच उपाशी राहणार आहेत.

फिंटन गेल्यापासून मी ताट ठेवत आले. शेजारी गरम व्हिस्कीचा पेला ठेवत असे, लिंबाच्या चकतीत लवंगा टोचून. फिंटनने दारू न पिण्याची शपथ घेतली होती आणि तिचा बिल्ला कायम कोटावर लावला होता. शेवटच्या हिवाळ्यात डॉक्टरांच्या परवानगीने तो रोज एक पेला घेई आणि त्याला तो आवडे. बिल्ला शवपेटीवर जायचा होता, म्हणून हे मी बाहेर बोलले नाही.

पहिल्याच वर्षी सकाळी खाली आले तर ताट रिकामे, आणि विसळून पालथे घातलेले. फिंटन जेवल्यावर ताट विसळून पालथे घालीत असे. मी विज्ञानाची पदवीधर आहे. मी कोणाला काही सांगितले नाही. दरवर्षी ताट पालथे सापडले, आणि त्या एका सकाळच्या भरवशावर मी उरलेले वर्ष काढीत असे.

यंदा छातीत कळ आली म्हणून लवकर खाली उतरले. उजाडत होते. फिंटनच्या खुर्चीत पॅकी बसला होता. गायींना चारा घालून आलेला, बूट दाराशी काढून ठेवलेले. हे काय चालवले आहेस, असे मी विचारले. त्याने घास गिळला.

"यंदा मीठ कमी पडलंय, बाई."

"ते फिंटनचं ताट आहे."

त्याने चमचा खाली ठेवला. "आणि व्हिस्की? ती फिंटनची कशी असेल? त्यानं जन्मात दारूला हात लावला नाही. पहिल्या वर्षी दाराला कडी दिसली नाही, आत चुलीसमोर ताट. मला वाटलं, गेटच्या भांडणावरनं आपलं बोलणं बंद आहे, तोंडानं बोलायचं नाही म्हणून बाई माझ्यासाठी ताट ठेवतात. मग मीही तोंडानं बोललो नाही. ताट तेवढं धुऊन ठेवलं."

मी त्याला घालवून दिले. नंतर त्या खुर्चीत दुपारपर्यंत बसून राहिले. फिंटन एकदाही आला नव्हता.

गेटबद्दल: दलदलीकडे जाणाऱ्या वाटेवरचे कुलूप फिंटनने लावले, कारण पॅकीच्या वडिलांनी आमच्या हद्दीतले पीट, म्हणजे दलदलीतली जळणाची माती, कापून चुलीत घातले होते. त्या प्रकरणी फिंटनचेच बरोबर होते, हे येथे नोंदवते. तरीही त्या वाटेचा हक्क मी पॅट्रिक ऊर्फ पॅकी मल्वी यास कायमचा देते. ग्रॅन्याने किंवा घर घेणाऱ्याने तो अडवू नये.

बिडाची काळी कढईही त्यालाच. आठवड्याने मी त्याला बोलावून विचारले की आई गेल्यावर त्याच्या घरी हॅलोविनला काय असते. तो म्हणाला, टोस्ट. म्हणून सूचना लिहिते: बटाटे सालीसकट उकडावेत, दूध थंड घालू नये, लोणी मोजू नये. मीठ त्याला हवे तेवढे घालावे. व्हिस्कीत साखर आधी विरघळवावी, लिंबू नंतर.

ज्याला काही मिळते त्याची साक्षीदार म्हणून सही चालत नाही, तेव्हा पॅकीची सही खाली नाही. तो रुसला आहे. कायदा मी केलेला नाही.

वरील मजकूर वाचून, आम्हा दोघांच्या देखत बाईंनी सही केली आणि त्यांच्या देखत आम्ही केली:
डेक्लन शॅनली, औषध विक्रेता
ओना कीव्हनी, निवृत्त पोस्टमास्तर

हनोरा मा. गिलहूली
ड्रमकील, १४ नोव्हेंबर २०२३

हयातीत सुपूर्द केलेल्या वस्तू, आजच्याच तारखेस: गेटची किल्ली, एक. बिडाची कढई, एक. काचेचा पेला, एक. निळ्या काठाचे ताट, मी काढून ठेवले होते एक. पॅकीने दोन मागितली. दुसरे कशाला, असे मी विचारले. तो म्हणाला, "फिंटनचं ताट मी इतकी वर्षं खाल्लं, ते आता माझं झालं. तुमच्यामागे तुमचं वेगळं ठेवायला नको का, बाई?"

ताटे दोन मिळाली. — पॅ. मल्वी