खडू मिसळलेला स्विचबोर्ड

चेरीताल, जबलपूर

प्रिय बाबा, लेकीचा नमस्कार.

मी बरी आहे, जेवणखाण वेळेवर होते. आईचे गुडघे कसे आहेत?

तुम्ही नोकरीचे विचारले. आमच्या कारखान्यात स्विचबोर्डच्या प्लास्टिकमध्ये खडूची भुकटी मिसळतात. माल स्वस्त पडावा म्हणून शेठजींनी ती फार वाढवली. कोरडा बोर्ड तपासणीत पास होतो, पण ओल धरली की त्याच्यावरून करंट उतरतो. मी तसे सांगितले, तर म्हणाले, "बेटी, बोर्ड को नहलाता कौन है?"

मागच्या आठवड्यात आमच्या फिटर रत्नाकरकाकांनी हात धुऊन कारखान्यातल्याच बोर्डचे बटण दाबले. जबर शॉक बसला. जीव वाचला, पण उजवा हात अजून उचलत नाही. शेठजींनी चूक काकांवरच टाकली. मी सगळ्यांसमोर खरे काय ते बोलले. आता माझे तपासणीचे काम शेठजींचा भाचा करतो, मी फोन घेत बसते आणि माल तसाच जाऊन राहिला आहे. काकाच मला म्हणाले, "पोरी, काहून बोलली? आता माझी नोकरी जाईल."

बाबा, दिवाळीत मी कौतुकाने आणलेला बोर्ड याच मालातला आहे. मेन बंद करून तो आजच काढा. न्हाणीतून निघाली की आई ओल्या हातानेच बटण दाबते.

तुमची,
प्रणोती