पाहुण्याच्या तळहातावरचं लिंबू

गौरक्षण रोड, अकोला
१२ एप्रिल २०२४

तीर्थस्वरूप ताईस,
अश्विनचा शि. सा. न. वि. वि.

टपालानं पत्र आलेलं पाहून तू कपाळावर हात मारशील. पण अपेक्षाच्या घरशाळेत या सत्रात पत्रलेखन हा उपक्रम घेतला आहे, आणि करिश्माचं म्हणणं असं की मुलांना जे सांगायचं ते आधी मोठ्यांनी करावं. तेव्हा यापुढे आपल्यात फोन बंद. शनिवार-रविवार तर घरातले सगळे मोबाईल तांदळाच्या डब्यात असतात.

अपेक्षानं शाळा सोडली त्याला वर्ष झालं. भगवंतराव सरांनी तिच्या कानाखाली मारली तेव्हा कॉलर रक्तानं भिजली होती. ऑपरेशन झालं, पण डाव्या कानानं तिला काही ऐकू येत नाही. हात जरा जोरात लागला, हेतू तसा नव्हता, असं सर आपल्याच केबिनमध्ये चहा पीत म्हणाले होते, आठवतं ना? त्याच दिवशी मी ठरवलं, माझी मुलगी मारणाऱ्या इमारतीत पुन्हा पाऊल ठेवणार नाही.

उपक्रम पुष्कळ आहेत: माती, ओरिगामी, कीबोर्ड, गच्चीवरची वांगी, आणि सकाळचं शांतिवर्तुळ. मातीत ती फक्त माणसं करते, आणि वाळायच्या आत त्यांच्या माना पिरगाळते. मी त्याला अभिव्यक्ती समजत होतो. परवा मात्र खालच्या मजल्यावरचा नितेश तिच्या डाव्या बाजूनं येऊन काहीतरी ओरडला आणि हसला. तिला ओरडणं ऐकू आलं नाही, हसणं दिसलं. तिनं कीबोर्डचा स्टँड उचलून त्याच्या तोंडावर घातला. समोरचे दोन दात जिन्यात सापडले. नितेशच्या आईनं आमच्या दाराला आपल्या मुलाचं रक्त पुसलं आणि धुऊ नका म्हणून बजावून गेली.

सुट्टीभर तिला तुझ्याकडे पाठवू का? समवयस्क मुलींची सोबत मिळेल. एकच विनंती, लाठी-पट्ट्याच्या वाटेला तिला नेऊ नकोस. स्वयंपाक शिकव.

लोभ आहेच, तो या पत्राच्या तिकिटापेक्षा जास्त टिकावा.

तुझा,
अश्विन

•

रुक्मिणीनगर, अमरावती
९ जून २०२४

चि. अश्विन यास,
गीतांजलीचे अ. उ. आ.

बापू, मी जन्मभर मुलींना लाठी शिकवली आणि तू तुझी पोरगी माझ्याकडे स्वयंपाक शिकायला धाडून राहिला. माझ्या हातची भाजी तू लहानपणी खाल्ली आहेस. दुसऱ्या दिवशीच तिला तालमीत नेली.

पहिला आठवडा वाईट गेला. तुझ्या शांतिवर्तुळातून आलेल्या पोरीनं माझ्या दोघींना चावलं. एकीच्या दंडावर दातांची खूण अजून आहे. चांदूर बाजारची पायल माझ्या तुकडीत सगळ्यांत दांडगी. तिनं हिला मातीत उताणी पाडून छातीवर गुडघा ठेवला, तरी ही खालून बुक्क्या मारतच होती. पायलचा ओठ फाटला, हिच्या भुवईला टाके पडले. संध्याकाळी दोघी एकाच ताटात पोहे खात होत्या. शाळेशिवाय पोर वाढेल रे, पण जिच्याशी भांडून जेवावं अशी कोणी तिला नको का? वांग्यांशी कोण भांडणार?

डाव्या बाजूनं येणारी लाठी तिला ऐकू येत नाही, म्हणून महिनाभर मी तिला डावीकडूनच मारली. काळीनिळी झाली. करिश्मानं अंग पाहू नये. आता ती पायाच्या हालचालीवरून ओळखते आणि मला फटका लागू देत नाही.

दांडपट्टाही शिकवला. हात जन्मजात आहे. आधी दुधी, मग काकडी, मग पायलच्या तळहातावरचं लिंबू. आपल्या तालमीची रीत तुला ठाऊक आहे. ज्या पाहुण्याला नारळ-शेला घ्यायचा, त्यानं आधी तळहात द्यायचा. मंडपात किती पुढाऱ्यांना ऐन वेळी लघवीला लागते ते मी पाहिलं आहे. लिंबू कापेपर्यंत हात हलवायचा नाही, एवढंच पाहुण्याचं काम. हलला तर बोटं पात्याखाली येतात.

जाताना तिला माझा जुना पट्टा दिला आहे. काढून घेऊ नकोस.

वांग्यांना आशीर्वाद. तुझ्यावरची माया आहे तशीच, अक्कल वाढली तर तीही वाढेल.

ताई

•

अकोला
२८ सप्टेंबर २०२४

तीर्थस्वरूप ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्यावर रागावलो होतो, हे कबूल करतो. पण अपेक्षा आता हसते. नितेशकडे जाऊन ती स्वतःहून बसली, काय बोलली ते सांगत नाही. आमच्या घरशाळा पालक-गटाला तिच्या पट्ट्याचं कोण कौतुक! वारसा-उपक्रम असं नावही दिलं आहे. ६ ऑक्टोबरला, रविवारी, सगळ्या मुलांचं स्नेहसंमेलन आहे. त्यात ती तुझ्या रीतीनं प्रमुख पाहुण्यांच्या हातावरचं लिंबू कापणार.

आता मनातलं लिहितो. प्रमुख पाहुणे भगवंतराव सर आहेत. निवृत्तीनंतर ते छडीमुक्त शिक्षणावर भाषणं देतात, टाळ्या घेतात. मी जाऊन भेटलो. त्यांना ना मी आठवलो, ना अपेक्षा. मीही सांगितलं नाही. कार्यक्रम संपल्यावर तिची ओळख करून द्यायची, ते माफी मागतील, ती क्षमा करेल. घरशाळेचं यापेक्षा मोठं फलित कोणतं? कार्यक्रमपत्रिकेत शेवटी क्षमा-संवाद असं छापलं आहे. अपेक्षाला काही सांगितलेलं नाही, नाहीतर उत्स्फूर्तता जाते. करिश्मा दोन दिवस माझ्याशी बोलत नाही, पण तिला मोठं चित्र दिसत नाही.

तू ये. पुढच्या रांगेत तुझी खुर्ची ठेवतो, आणि मनात नेहमीची जागा आहेच.

अश्विन

•

अमरावती
४ ऑक्टोबर २०२४

अश्विन,

आशीर्वाद-बिशीर्वाद मागून. तुझं पत्र आज मिळालं. तेव्हापासून फोन लावून राहिली. कोणी उचलत नाही, करिश्माचाही बंद. तुमच्या शनिवारानं आता शुक्रवारही खाल्ला काय? पायलच्या बापाला मोटारसायकलवर पाठवणार होते, पण तो अंजनगावला गेला आहे. मी गुडघ्याला प्लास्टर बांधून पडले आहे. म्हणून हे.

ज्यानं पोरीचा कान फोडला, त्याचा हात तू तिच्या पात्याखाली ठेवून राहिला. तुले समजते का काही? क्षमा म्हणजे तुझं ओरिगामी नव्हे, की कागद दिला आणि पोरीनं घडी घालून आणली. आधी तिला सांग. तिनं नाही म्हटलं तर त्या माणसाला फाटकातून परत पाठव. आणि कार्यक्रम होईपर्यंत पट्टा कपाटात टाकून कुलूप लाव.

तुझ्यावर जीव आहे म्हणून शिव्या कमी लिहिल्या.

ताई

•

अकोला
९ ऑक्टोबर २०२४

तीर्थस्वरूप ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र काल, मंगळवारी, मिळालं. फोन शुक्रवारपासूनच डब्यात होते. संमेलनासाठी आम्ही उपवास एक दिवसानं वाढवला होता.

सर स्टेजवर आले तेव्हा अपेक्षा पडद्याआड पट्टा चढवत होती. ती त्यांच्याकडे बघत राहिली. मला वाटलं, घाबरली. पण तिचे हात अगदी शांत होते. सरांनी मोठ्या हौसेनं डावा हात पुढे केला. तिनं माइकवरून, उजवा द्या, अशी विनंती केली. प्रेक्षक हसले, सरही हसले, हात बदलला. तिनं लिंबू ठेवलं, दोन पावलं मागे गेली, पट्टा गरागरा फिरवला. वारा पुढच्या रांगेपर्यंत येत होता. मग पातं वर असताना तिनं आपलं नाव सांगितलं. अपेक्षा, सातवी ब.

सरांनी हात ओढला. लिंबाचे दोन तुकडे झाले, आणि मधल्या दोन बोटांची शेवटची पेरंही गेली. एक पेर ढोलकीवाल्याच्या पायाशी पडलं. रक्त शेल्यावर, नारळावर, आपल्या कार्यक्रमपत्रिकेवर. सर किंचाळत गुडघ्यावर बसले. पहिल्या रांगेतल्या कोणाच्या तरी लहान मुलानं आईला विचारलं, की हासुद्धा उपक्रमच आहे का. अपेक्षा पातं पुसत उभी होती. तिनं ते पुसणं थांबवलं नाही, ताई, हे मला झोपू देत नाही.

पोलिसांना सरांनीच सांगितलं की आपला हात हलला, मुलीची चूक नाही. एक पेर जोडलं गेलं, दुसरं नाही. पालक-गटानं आम्हाला काढून टाकलं. मी अपेक्षाला माफीपत्र लिहायला बसवलं. तिनं खळखळ न करता लिहून दिलं. त्यात एकच ओळ आहे: हात जरा जोरात लागला, हेतू तसा नव्हता.

मी हातात लाल पेन घेऊन बसलो होतो. त्या ओळीत मला दुरुस्त करता येईल असं काही नव्हतं. ते पत्र तसंच पाकिटात घालून मी पेटीत टाकून आलो.

मला काय वाटतं हे आता मला विचारू नकोस. लहान भाऊ म्हणून पदरात घे.

अश्विन

•

अमरावती
१४ ऑक्टोबर २०२४

चि. अपेक्षास,
आत्याचे अ. उ. आ.

दसऱ्याला सगळी शस्त्रं पाटावर मांडली, पूजा केली. मनात सारखी तूच होतीस.

लोक म्हणतात, पाहुण्याचा हात हलला. खरं आहे. पट्टा तू बरोबर चालवलास, लिंबू मधोमध गेलं असेल. पण नाव तू पात्यासारखं चालवलंस. कधी सांगितलं की माणूस दचकेल, हे तुला मीच शिकवलं आहे. डावीकडून ये, आवाज न करता ये, मग मार. त्या माणसानं मार खावा याबद्दल मला काडीचं दुःख नाही. त्यानं तुझा कान घेतला, तू त्याची बोटं घेतलीस, मी काय तराजू घेऊन बसले आहे? मला चिंता तुझ्या हाताची आहे. ज्या हाताला मारून नामानिराळं राहता येतं, तो हात मी एकदा पाहिला आहे. चहाची बशी धरून बसला होता.

मारायचंच होतं तर मारलं म्हणायचं. नाव सांगायचं होतं तर पट्टा खाली ठेवून, सगळ्यांसमोर, घसा फाटेपर्यंत सांगायचं. आणि तू त्याला तालमीची रीत वापरून मारलंस. उद्या माझ्या तालमीत कोण कोणाच्या भरवशावर तळहात देईल?

रविवारी ये. गुडघा ठीक आहे. लिंबू माझ्या तळहातावर असेल, उजव्या. माझा हात हलणार नाही. तुझा काय करतो ते बघू.

रागावले आहे, आणि तुझीच आहे. दोन्ही एकदम जमतं मला.

आत्या

•

अकोला
२८ ऑक्टोबर २०२४

ती. आत्यास,
अपेक्षाचा शि. सा. न. वि. वि.

मी सुखरूप पोचले. बस मूर्तिजापूरला बंद पडली होती.

हे पत्र उपक्रमातलं नाही. बाबांनी वाचलेलं नाही, म्हणून ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर चालवून घे.

त्या रविवारी पट्टा फिरवत असताना तू माझ्या डाव्या बाजूला तोंड करून काहीतरी बोललीस. तुला माहीत आहे मला ते ऐकू येत नाही, तरी बोललीस. काय ते मी विचारणार नाही. मला तुझा तळहात दिसत होता आणि त्या तळहातावर मला सरांची बोटं दिसत होती. तू डोळे मिटून घेतलेस. हात ताटासारखा सपाट. माझा खांद्यापासून थरथरायला लागला. पहिल्यांदाच. मी पातं खांबात घातलं, आणि मग काय रडले ते तू पाहिलंसच. पायलनं सगळ्या पोरींना बाहेर काढलं म्हणून बरं. लिंबाचं सरबत करून तू मला प्यायला लावलंस. त्यात साखर घालायची राहिली होती. तुझ्या स्वयंपाकाबद्दल बाबा सांगतात ते खरं आहे.

घरी आल्यावर मी सरांना दुसरं पत्र लिहिलं आणि स्वतः पेटीत टाकून आले. ते तुला जसंच्या तसं लिहिते:

सर, हात लागला नव्हता. मी मारला. तुम्ही हात ओढावा म्हणूनच नाव सांगितलं. पोलिसांना खरं सांगायचं असेल तर सांगा. तुमचाही हात लागला नव्हता. तुम्ही मारला होता. तेही लिहून पाठवा.

पत्राला अजून उत्तर नाही. पोस्टमन आला की बाबा खिडकीशी जातात. त्यांना मी सांगितलं आहे की जानेवारीपासून मला शाळेत जायचंय, दुसऱ्या. तिथे कोणी मारलं तर मी आधी ओरडणार आहे. आई म्हणाली, पोळ्या लाटून झाल्या की चौकशीला जाऊ. नितेशनं नवे दात दाखवले. छान बसले आहेत.

पट्टा तुझ्याकडेच असू दे. मी मागेपर्यंत देऊ नकोस, आणि मी मागितला तर आधी तुझा हात पुढे कर.

तुझी,
अपेक्षा