आत्या, गाडीचा मीटर पुढे गेला

तीर्थरूप आत्यास,

ज्याला तू लहानपणापासून ‘काळजीवाहू’ म्हणत आलीस त्या तुझ्या भाच्याचा, कमरेतून जमेल तितकं वाकून नमस्कार. (सध्या फारसं वाकवत नाही. का ते पुढे येईलच.) तुझा खोकला गेला का? वरच्या मजल्यावरची माणसं अजून पहाटे फर्निचर सरकवतात का? इकडे आम्ही दोघं बरे आहोत, म्हणजे तुझी सूनबाई बरी आहे आणि मी उभा आहे. परवा फोनवर तू सहज विचारलंस, ‘गाडी कशी आहे रे?’ मी ‘जशीच्या तशी’ म्हणालो आणि दूध उतू जातंय असं सांगून फोन ठेवला. दूध फ्रिजमध्ये होतं. तेव्हापासून घशाखाली घास उतरत नाही, म्हणून सगळं लिहूनच टाकतो. आत्या, गाडीचा मीटर पुढे गेला आहे. चांगलाच पुढे गेला आहे. आता खुर्चीत नीट टेकून बस आणि पुढचं वाच.

त्या रविवारपर्यंत ती खरोखरच जशीच्या तशी होती, ही खात्री आधी देतो. वकिली बंद केलीस त्या वर्षी तू स्वतःला बक्षीस म्हणून घेतलेली ती लाल, दोन माणसांची, रस्त्याला पोट टेकेल की काय इतकी बुटकी स्पोर्ट्स कार! फ्लॅटमध्ये राहायला गेलीस आणि तिथे गाडीला जागा नाही म्हणून ती माझ्या हवाली केलीस. किल्ली देताना तू नेमकं काय म्हणालीस ह्यावर आमच्याकडे मतभेद आहेत. मी ‘सांभाळ रे’ ऐकलं, सूनबाईने ‘चालव रे’ ऐकलं. आता मी पडलो विमा कंपनीतला. कशाचं कसं वाटोळं होऊ शकतं ह्याची कल्पना करण्याचा मला पगार मिळतो, आणि हे काम मी घरीही घेऊन येतो. प्रत्येक किलोमीटरला गाडीतलं काहीतरी कायमचं झिजतं हे माझ्या डोक्यात इतकं पक्कं बसलं, की मी तिला मऊ कापडाची खोळ शिवून घेतली आणि गॅरेजमध्ये झाकून ठेवली. धुवायची असली तर इंजिन सुरू न करता ढकलत बाहेर काढायचो. (ढकलली तरी मीटर फिरतो, हे फार उशिरा लक्षात आलं.) मग कोणीतरी सांगितलं की अशा गाड्या उलट्या चालवल्या की आकडे मागे येतात. मी अंगणात उलट्या फेऱ्या मारू लागलो. शेजारचे निवृत्त हेडमास्तर कुंपणापाशी येऊन बराच वेळ बघत उभे राहिले आणि शेवटी, पेशंटशी बोलावं तसं हळुवारपणे म्हणाले, ‘घरी सगळं ठीक आहे ना?’ आकडे काही मागे आले नाहीत. माझी मान मात्र महिनाभर डावीकडे वळत नव्हती.

तर तो रविवार. दुपारची जेवणं होऊन मी पेपर तोंडावर घेऊन पडलो होतो. सूनबाईचा जनावरांचा दवाखाना रविवारी बंद असतो, पण जनावरांना ते कोणी सांगितलेलं नाही. फोन वाजला. डोंगरावर एक बाई एकटीच राहते, चार गाई पाळते आणि दूध-लोण्यावर घर चालवते. तिची पहिल्यांदाच विणारी, पहिलारू गाय अडली होती. सकाळपासून कळा देत होती आणि वासराचा एकच पाय बाहेर दिसत होता. फोनमधून त्या बाईचा आवाज मला पलंगावर ऐकू येत होता. ती रडत नव्हती. एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, ‘ती आता उठत नाहीये हो.’ सूनबाई बॅग घेऊन धावत व्हॅनकडे गेली. व्हॅनने किल्ली फिरवल्यावर ‘कट्’ म्हटलं. पुन्हा ‘कट्’. मग तेही म्हणेना.

ती परत आली आणि दारातच हात पुढे करून म्हणाली, “किल्ली दे.”

“व्हॅनची तुझ्याकडेच आहे की,” मी म्हणालो. (आत्या, मला कळलं होतं. पूर्ण कळलं होतं.)

तिचा हात तसाच पुढे होता. मग मीच बोलत सुटलो. टॅक्सी बोलावू या म्हटलं. त्या रस्त्याला टॅक्सीवाले येत नाहीत. हेडमास्तरांची गाडी मागू या म्हटलं. ते मुलीकडे गेले होते, गाडी घेऊन. रस्ता खडीचा आहे, वर धुकं असेल, गाडीचं पोट जमिनीला लागेल, हेही सांगून झालं. ती ओरडली असती तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. तिने फक्त फोन माझ्यासमोर धरला. ती बाई अजून फोनवर होती.

“मग तूच सांग तिला,” सूनबाई हळू आवाजात म्हणाली. “सांग, गाडी आहे, पण आम्ही ती वापरत नाही.”

मी फोनकडे बघितलं. पलीकडून गाईचं कण्हणं ऐकू आलं. मी किल्ली घेऊन गॅरेजकडे पळालो आणि खोळ ओढून, घडी न घालता (हे मी आयुष्यात पहिल्यांदा केलं) मागच्या डिकीत कोंबली.

गाडी सुरू झाली, पण खोकत. इतके दिवस उभी राहून तिचेही सांधे धरले होते. गाव संपेपर्यंत ती आचके देत होती आणि मी मीटरकडे बघत होतो. शेवटचा आकडा हळूच खाली सरकतो, अर्धा दिसतो आणि वरून नवा येतो. एका वळणावर मी मीटर बघत बसलो आणि समोरून येणारा दुधाचा टेम्पो अगदी शेवटच्या क्षणी दिसला. स्टिअरिंग कसंबसं वळवलं. मग तिने बॅगेतून जनावरांच्या जखमांना लावायची रुंद चिकटपट्टी काढली, दातांनी तोडली आणि मीटरवर चिकटवली. “आता रस्ता बघ,” म्हणाली.

खडी सुरू झाली. दगड उडून खालून टणटण लागत होते आणि प्रत्येक दगड माझ्या बरगडीला लागल्यासारखा वाटत होता. सूनबाई फोनवर बाईला सांगत होती: ओढू नका, काही झालं तरी ओढू नका, गरम पाणी ठेवा, तिला उजव्या कुशीवर वळवता येतं का बघा. मध्येच फोन तुटला. पुन्हा लावला, लागेना. वर धुकं होतं, मी म्हटलं होतं तसंच. (माझी एक भीती खरी ठरली म्हणून मला बरं वाटलं, असा माणूस आहे मी.) ती फोन मांडीवर ठेवून बसली. तिचा अंगठा मात्र एकसारखा बॅगेच्या बंदावर फिरत होता. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तिला घाबरलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

गोठ्याच्या अलीकडे रस्ता ओढ्यातून जातो. पाणी गुडघ्याच्याही खाली होतं, पण तळाला दगड होते, चांगले डोक्याएवढे. मी ब्रेक लावला. गोठा पलीकडच्या चढावर, धुक्यात नुसता अंधूक दिसत होता. मी तोंड उघडायच्या आत तिने दार उघडलं, बॅग खांद्यावर घेतली आणि “तू थांब इथे, मी जाते चालत,” असं म्हणून पाण्यात उतरली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मी वाद घातला असता. तिने मला गाडीसकट हिशेबातूनच काढून टाकलं होतं. बॅगेच्या वजनाने एका बाजूला कललेली तिची पाठ धुक्यात चालली होती, आणि मी त्या कातड्याच्या सीटवर कोरडा ठणठणीत बसलो होतो.

गिअर कधी टाकला ते मला आठवत नाही. पाण्यात शिरल्यावर पोटाखालून जो आवाज आला तो मात्र मरेपर्यंत आठवेल. कोणीतरी लोखंडी पलंग फरशीवरून ओढत नेतोय असा तो आवाज होता आणि तो संपतच नव्हता. मी डोळे मिटले. (आत्या, हे सूनबाईला सांगू नकोस.) उघडले तेव्हा गाडी पलीकडे होती आणि सूनबाई बाजूला, मी उडवलेल्या पाण्याने ओलीचिंब उभी होती. आत बसली, दार ओढलं आणि एवढंच म्हणाली, “चढाला दुसऱ्या गिअरमध्ये ठेव.”

गोठ्यात ती बाई गाईचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. आम्हाला बघून म्हणाली, “उशीर झाला का हो?” सूनबाईने बॅग खाली टाकली. बाह्या सारून खांद्यापर्यंत साबण लावला आणि गाईच्या मागे आडवी झाली. वासराचा दुसरा पाय आत मागे दुमडला होता. तिने वासराला आधी आत ढकललं आणि मग खुराभोवती मूठ धरून, गाईची पिशवी आतून फाटू नये म्हणून अगदी सावकाश, तो पाय पुढे आणू लागली. तिचा गाल गाईच्या मांडीवर टेकला होता आणि डोळे मिटलेले होते. कळ आली की तिचा हात आत आवळला जायचा आणि ओठ पांढरे पडायचे. गोठ्यात कोणी श्वास घेत नव्हतं. मग ती म्हणाली, “मिळाला.”

दोन्ही पायांना दोर बांधून दोराचं टोक तिने माझ्या हातात दिलं. ओढ म्हटलं की ओढायचं, थांब म्हटलं की थांबायचं, आणि स्वतःचं डोकं चालवायचं नाही, अशा सूचना होत्या. मी ओढलं. पाय शेणावरून घसरले, बसलो, उठलो, ओढलं. कमरेत काहीतरी ‘कट्’ झालं, व्हॅनसारखंच. तरी ओढलं. आणि एकदम सगळं मोकळं झालं आणि मी, दोर आणि वासरू एकावर एक पडलो.

वासरू हलत नव्हतं. सूनबाईने त्याच्या नाकातोंडातला चिकटा बोटांनी ओढून काढला आणि नाकात गवताची काडी फिरवली. काही नाही. “कापड दे! मोठं, कोरडं!” ती ओरडली. बाईची सगळी पोती भिजली होती. मी वाकलेल्या कमरेने गाडीकडे पळालो आणि डिकीतून खोळ घेऊन आलो. त्या खोळीत वासराला गुंडाळून आम्ही तिघंही चोळत सुटलो. मी गाडीचं बॉनेट पुसतो तसा गोल गोल चोळत होतो. सूनबाई ओरडली, “पॉलिश नको करूस, रगड!” मी रगडलं. ते ओलं, गरम, निर्जीव अंग हाताखाली डुलत होतं आणि मी मनात काय काय कबूल करत होतो ते इथे लिहीत नाही. आणि मग ते शिंकलं. एवढीशी शिंक! सरळ माझ्या तोंडावर. ती बाई बादलीवर बसली आणि तोंडावर पदर घेऊन हसत होती की रडत होती, कळलं नाही. गाईने मान वळवून त्याला चाटायला सुरुवात केली. थोडंफार मलाही चाटलं.

परतताना सूनबाई चिखलाचे बूट गालिच्यावर ठेवून, तोंड उघडं टाकून झोपली. गाडीत काय वास येत होता म्हणून सांगू! पण इंजिन आत्या, इंजिन गात होतं. खोकला नाही, आचके नाहीत. घाटात प्रत्येक वळणावर ती अशी वळत होती की मी न सांगताच तिला कळतंय. मी जपून ठेवलेली गाडी मी कधी ओळखतच नव्हतो, असं वाटलं. घरी येऊन पट्टी काढली आणि नवे आकडे बघितले. वाईट वाटेल म्हणून तयारीत होतो; भूक लागली. तेव्हापासून मी मीटरची काळजी कायमची सोडून दिली आहे. हे तुला कळवावं, इतकाच ह्या पत्राचा हेतू. तब्येतीला जप, थंडीत सकाळचं फिरणं टाळ.

तुझाच,
काळजीवाहू

ता. क. – गाडीच्या पोटाला एक पोचा आला आहे. आरसा खाली सरकवला तरच दिसतो. मी रोज बघतो.

ता. क. – व्हॅन दुरुस्त होऊन आली, तरी सूनबाई तुझीच गाडी घेऊन हिंडते. आत्ताही एका घोड्याचे दात बघायला गेली आहे. काल पुढच्या सीटवर बोकड होता. म्हणजे माझी काही हरकत नाही, पण तू तिला एक ओळ लिहिशील का, की गाडी आता फार जुनी झाली, तिला विश्रांती हवी? तुझा शब्द ती मोडणार नाही. माझं नाव मात्र मध्ये येऊ देऊ नकोस.

ता. क. – आत्या, ही मी, सूनबाई. पाकीट पोस्टात टाकायला ह्याने माझ्याकडेच दिलंय आणि ते चिकटवायला विसरलाय. बोकड नव्हता, शेळी होती. रविवारी सकाळी तुम्हाला न्यायला येते, स्कार्फ आणि काळा चष्मा काढून ठेवा. लायसन्स सापडलं नाही तर कपाट पुन्हा नीट शोधा, कारण घाट तुम्हीच चालवायचा आहे. गाडीत जागा दोघींचीच, म्हणून ह्याला बसचं तिकीट काढून ठेवलंय. कुठे आणि कशाला, ते अजून सांगितलेलं नाही.