शोभणाऱ्या चपला

आई, काल संध्याकाळी नारायणगावला जाऊन चपला घेतल्या. ही काय सांगायची गोष्ट, असं तुला वाटेल. पण चपलांचं तुझ्याशिवाय बोलू कुणाशी?

तू स्वतः चपला कधी घेतल्याच नाहीस. आपल्याकडच्या बायका दुकानात जाऊन पाय पुढं करत नसत. बाबा बाजाराला निघाले की तू ओट्यावर बसून ज्वारीच्या काडीवर पाऊल ठेवायचीस. ते अंगठ्यापाशी नखानं खूण करून काडी मोडायचे आणि खिशात घालून न्यायचे. काडीला लांबी तेवढी कळायची. शेतात अनवाणी राबून तुझी बोटं फाकली होती, पाऊल पुढून सुपासारखं रुंद झालं होतं, ते काडीत कुठून येणार? त्यात बाबांना हौस दांडगी. नाजूक, सोनेरी पट्ट्यांच्याच आणायचे. "बसली का गं?" ते विचारतात, आणि तू उभी राहून आपल्या पायांकडं बघत राहतेस. आरशात स्वतःकडं तशी बघताना मी तुला कधी पाहिलं नाही. "बसली की! लई झ्याक हाय," म्हणतेस.

ओतूरला माझ्या शाळेच्या गॅदरिंगला आलीस तेव्हा फाटकाजवळ भिंतीला टेकून एक पाय चपलेतून काढून उभी होतीस. करंगळीचं सालटं निघालेलं. मी म्हटलं, बाबांना सांगते, तर दंडाला चिमटा काढलास. "गप ऱ्हा. येवढ्या हौसेनं आणल्यात त्यांनी. त्यांच्याम्होरं बोललीस तर बघ!" मग पुन्हा त्या चपलेत पाय कोंबून, पदर सारखा करून ऐटीत आत गेलीस. त्या ऐटीचा मला आजही राग येतो.

पुढं तुला साखर निघाली. काही दिवसांनी चपला चावायच्या थांबल्या, हे तू केवढ्या आनंदानं सांगितलंस! आम्हीही खूश. चामडं सैल झालं असेल, असं सगळ्यांना वाटलं. पाय बधिर झालाय, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. करंगळी काळी पडून वास यायला लागला तेव्हा कळलं, आणि तोवर फार उशीर झाला होता. ते चपलेनं झालं, हे बाबांना शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही.

आता मलाही साखर आहे आणि माझीही पावलं बधिर झालीत. डॉक्टरांनी बजावलं होतं, पुढून रुंद, मऊ तळाच्या, मागं पट्टा असलेल्या घ्या; संध्याकाळी जा, तेव्हा पाय सुजलेले असतात. सगळं ऐकून गेले. दुकानदारानं दोन जोड पुढं ठेवले. एक काळा, जाड, आजारी माणसाचा. दुसरा बदामी, बारीक पट्ट्यांचा. "मावशी, आरामाला ही काळीच घ्या. पण ही दुसरी पायात शोभून दिसंल राव तुमच्या," म्हणाला. मी दोन्ही घालून दुकानभर चालले. "कुटं लागतंय का?" खरं सांगू? दोन्हींत काहीच कळलं नाही. पायाखाली जमीन आहे की नाही तेही नीट कळत नव्हतं. सगळ्या चपला सारख्याच, मग आजाऱ्याची का घ्यायची? माझ्या मापाची काडी मोडणारं तर आता घरात कुणीच उरलेलं नाही. मी म्हटलं, "बसली की."

तुझाच आवाज निघाला गं तोंडातून. मला तिथंच रडू फुटलं. त्याला वाटलं, चप्पल चावली.

हे पत्र कुठं टाकणार मी? राहील इथंच. बदामी जोड आता पायातच आहे. करंगळी लाल झाली आहे, वाकून बघितली तेव्हा दिसली. दुखत नाही. काढायला हव्यात, सगळं कळतं मला. पण आई, शोभतात गं.