वरच्या खाचरातलं गाणं आणि त्याचा जबाब

सोमनाथ, तुझी कंबर कशी आहे? टेम्पो चालवताना पाठीला उशी घेतोस ना? सुलक्षणा, सूनबाई, गुडघ्याला तेल लावत जा, अंगावर दुखणं काढू नकोस. शेफाली, नातीबाई, घसा बरा झाला का? मी ठीक आहे. आता कामाचं.

मी, सावळाराम गेनू शिर्के, वय अठ्ठ्याहत्तर, राहणार पासली, तालुका वेल्हे. शाळा चौथीपर्यंत, बाकीचं वाचून वाचून आलं. डोकं जाग्यावर आहे, कुणाचा धाक नाही. माझ्या मागं काय कुणाचं, ते माझ्या हातानं लिहितो.

घर आणि खालची भाताची खाचरं सोमनाथ व सुलक्षणा यांची. म्हैस सुलक्षणाची, सूनबाई गावी आली की ती दुसऱ्या कुणाला जवळ येऊ देत नाही. चुलतभाऊ गोरख दर साली बांध वीतभर सरकवतो. ती वीत मी त्याला देऊन टाकली. वर नेता आली तर ने म्हणावं.

वरचं खाचर मात्र शेफालीला, आणि ते एका अटीवर.

भातलावणीत एक रांग सवाल गाते, दुसरी जबाब देते. सवाल अंगावर ठेवून चिखलातून पाय काढू नये. ज्याला जबाब सुचत नाही, त्याला सवाल ओढून नेतो, असं आमच्याकडं मानतात. शेफाली, लग्नाआधी तुझ्या आजीसाठी, रत्नासाठी, मी सवाल बांधला:

ये गं सखे रानाला, गवताची घालीन गादी,
ओढ्याचं देईन पैंजण, धुक्याची ओढणी साधी.

तिनं भर चिखलात माझ्याच चालीत तो उलटवला:

गादीत तुझ्या गोचीड, पैंजण जातंय पुरात,
धुकं पांघरून खोकशील, न्हाई यायची मी घरात.

बाया हसून आडव्या झाल्या. मी आठ दिवस रुसलो. आता दोन्ही शेजारी ठेवून बघतो, तर माझं गाणं कुठल्याही पोरीला चालावं असं. तिचं फक्त मला लागू. माझा खोकला तिनं कान देऊन ऐकला होता. आणि न्हाई यायची म्हणत ती आली.

ती देवाघरी गेल्यावरही लावणीत मी सवाल गायचो. गेल्या साली भरदुपारी वरच्या खाचरातनं जबाब आला. तिथं कुणी नव्हतं. सगळी रांग हसली. गोरख म्हणाला, "वैनी आजून टोमणं मारती व्हय रं!" आणि हातातली रोपं टाकून बांधावर जाऊन बसला. मला भ्या वाटलं न्हाई. न्हाई यायची म्हणते, तर म्हणू दे.

पण परवा मी गायलो नव्हतो. नुसता बांधावर बसलो होतो. वरून रत्नाचा आवाज आला, आणि तो जबाब नव्हता. माझाच सवाल होता. गादी, पैंजण, धुकं. ये म्हणत होती, थट्टा न करता. जन्मात ती माझ्याशी इतकं गोड बोलली नव्हती.

तिचंच कडवं तिला म्हणून दाखवलं. ती थांबली नाही. ते माझ्या मापाचं, तिला कसं लागू व्हावं?

म्हणून अट अशी: खाचर शेफालीचं, पण तिथं गाणाऱ्यानं आधी जबाब तयार ठेवावा. पहिला जबाब माझ्यासाठी बांध, मी तो तिला देईन. जीभ तुझी आजीवर गेली आहे. तिची तपकीर घाल, तिचं घोरणं घाल, हवं ते घाल.

साक्षीदार: भिमा कोंडे (सही), बाळाबाई रेणुसे (अंगठा).
लिहून देणार: सावळाराम गेनू शिर्के (सही).
मुक्काम पासली, २ जून २०२५.

शेफाली, लावणीच्या आत लिहून पाठव, लवकर. मी बसतो जबाब बांधायला, पण मला गोडच सुचतंय.