आरोपी क्रमांक चारचं फावडं

प्रिय आत्या,

आज कोर्टात तुझं नाव पुकारलं. शिपाई दारात उभा राहून ओरडला, आरोपी क्रमांक चार, अनसूया. मी उठून सांगितलं की ती वारली. न्यायाधीशांनी वर न बघताच मला मृत्यूचा दाखला आणायला सांगितलं. दाखला दाखल होईपर्यंत तू आरोपीच आहेस. म्हणून हे पत्र. निदान एका माणसानं तरी तुला आज आत्या म्हणून हाक मारायला हवी.

रोह्याजवळच्या वरसेतल्या माझ्या या फ्लॅटमध्ये तुझा जीव कधी रमला नाही. गॅलरीतून समोरची गॅलरी दिसायची. पाण्याचा वास येत नाय, अशी तुझी तक्रार. नळाला पाणी आहे की, असं मी म्हटलं तर तू तोंड वाकडं करायचीस. "त्याला भरती नाय, ओहोटी नाय. त्याला काय पानी बोलतात गो?"

जामिनाची अट होती, पेण तालुक्यात, म्हणजे आपल्या गावातही, पाय ठेवायचा नाही. फक्त तारखेला परवानगी. रोह्याहून गाडीत बसलो की कासू स्टेशनपर्यंत तू गप्प. कासू मागे पडलं की पदर सारखा करून खिडकीला लागायचीस. माहेरी निघालेली बाई सावरून बसते तशी. निघाली होतीस कुठे? आरोपीच्या बाकावर!

तो दिवस मी पुन्हा पुन्हा आठवते. खाडीतली आपली जेटी रुंद करायला कंपनीनं बांधापुढची कांदळं, खारफुटीची झाडं, तोडली. हल्ली उधाण दरवर्षी थोडं अधिक वर चढतं, हे तुम्ही सगळे सांगत होतात. पाण्याला अडवणारी झाडंच गेल्यावर बांध किती टिकणार? भर उधाणात तो फुटला, खांड पडली आणि खारं पाणी भातात शिरायला लागलं. तू बांधावर उभी राहून कुकारा घातलास, लांबवर जाणारी ती हाक. तो ऐकू आला की हातातलं टाकून जायचं, ही गावाची रीत. भांडण असलेले भाऊसुद्धा आले. चिखलाचे गोळे हातोहात जाऊन खांड बुजली.

मग तुम्ही तसेच, चिखलानं माखलेले, जाब विचारायला जेटीच्या फाटकापुढे जाऊन बसलात. हातात फावडी, कोयते, घमेली.

आत्या, एवढं एक मला तुला विचारायचंच होतं. फावडी बांधावर ठेवून गेला असतात तर? तू म्हणाली असतीस, ओहोटी लागल्याशिवाय हत्यार खाली ठेवत नाहीत, बांध पुन्हा फुटू शकतो. मला ठाऊक आहे. पण फाटकाच्या आतल्या माणसाला ते ठाऊक असेल, असं तुम्हांला वाटलं तरी कसं?

ओहोटी लागली आणि तुम्ही उठून घरी गेलात. कागदावर ते असं उतरलं: आरोपी हत्यारांसह जमले, ठरलेल्या वेळेपर्यंत बसले, एकाच वेळी उठले, म्हणजे कट पूर्वनियोजित होता. समुद्राशी संगनमत केल्याचं तेवढं लिहायचं राहिलं.

पोलिसांनी तुला आत बसवलं होतं तेव्हा मी ठाण्यात बाकावर होते. बाकावर कंपनीचं नाव. पाण्याच्या कूलरवर कंपनीचं नाव. कंपनीचा वकील आणि साहेब एकाच बशीतली बिस्किटं खात तक्रार लिहीत होते. साहेबांनी लिहिलं, हत्यारं. वकील म्हणाला, "नुसती हत्यारं नको, प्राणघातक घ्या." साहेबांनी घेतलं. चहात साखर घ्यावी तसं.

आणि साहेबांच्या डोक्यावर भिंतीला कंपनीचं कॅलेंडर. जुलैच्या पानावर तू. डोक्यावर चिखलाचं घमेलं, हातात फावडं, तोंडभर हसू. खाली छापलेलं, निसर्गाच्या रक्षणकर्त्या. मागे कधीतरी पर्यावरण दिनाला आलेल्या फोटोवाल्यानं काढलेला तो फोटो. तेच फावडं. भिंतीवर रक्षण, टेबलावर प्राणघातक. त्या खोलीत कुणालाच ते विचित्र वाटलं नाही. मी बाहेर जाऊन उभी राहिले.

मग तो गोड बोलणारा माणूस वरसेला आला, कंपनीचा. हमीपत्रावर अंगठा द्या, तक्रार मागे घ्यायचं आम्ही बघतो, पावसाआधी घरी जाल. त्यात एवढंच होतं की यापुढे हाक देऊन लोकांना गोळा करणार नाही. मी तुला म्हटलं, दे अंगठा. तू त्याच्यापुढे पाण्याचा पेला सरकवलास आणि विचारलंस, "कुकारा घालनार नाय म्हणून लिवून दिला, नि उद्या खांड गेली तर? तुमी येनार व्हय, बूट काढून?"

तो हसला. तू हसली नाहीस.

मी तेव्हा चिडले होते, अजूनही थोडी चिडलेलीच आहे. एक अंगठा. घरी गेली असतीस. आपल्या अंगणात, खाडीच्या वासात गेली असतीस. इथे परक्या गॅलरीत, दुपारी, खुर्चीत बसल्या बसल्या गेलीस. मी दूध तापवत होते. गॅस बंद करून बाहेर आले तेव्हा तुझा हात खुर्चीखाली लोंबत होता. तुला गावी न्यायचं तर अट मेल्यावर सुटते का, हे विचारायला मला वकिलाला फोन करावा लागला. त्यालाही लगेच सांगता येईना!

आणखी एक सांगायचं आहे. बाराव्याला तो माणूस पुन्हा आला. कागदात गुंडाळलेली फ्रेम घेऊन. जुलैचं पान, मोठं करून, काच लावून. हलक्या आवाजात म्हणाला, "हाराला बरा दिसेल. तुमच्याकडे इतका चांगला नसेल."

नव्हताच. तुझा हसरा असा तो एकच फोटो आहे, आणि तो त्यांचा आहे. मी फ्रेम त्याच्या हातात परत दिली आणि दार लावलं. त्या फ्रेमचा माझ्या हातांना लागलेला वास साबणानं जात नाही, असं मला बराच वेळ वाटत होतं. आपल्या भिंतीवर मतदार ओळखपत्रातली तू आहेस. डोळे वटारलेली. मला चालतं.

तुझं फावडं अजून ठाण्यात मुद्देमालात आहे, दांड्याला चिठ्ठी बांधून. आज मी पाहिलं. पात्यावरचा चिखल तसाच सुकलाय. धुवायचा नाही म्हणे, पुरावा आहे. मी ते परत मिळावं म्हणून अर्ज दिलाय. मिळेल, न मिळेल.

पण उधाणाला मी गावी जाणार. मला कुकारा जमत नाही, लहानपणी तू शिकवायचीस तेव्हा माझा आवाज घशातच राहायचा. तरी बांधावर उभी राहून घालीन. कुणी आलं नाही तर हातांनी चिखल उचलीन. आणि कुणी विचारलं, कोणाच्या सांगण्यावरून, तर तुझं नाव सांगीन. ओहोटी लागेपर्यंत हातातलं खाली ठेवणार नाही.

तुझीच,
खाडीकडे तोंड करून बसलेली भाची