पायऱ्यांवरचे मामा

वडीगोद्री,
रविवार, १९ जानेवारी २०२५

चि. गंधाली,
अनेक आशीर्वाद.

इकडे आम्ही दोघं बरे आहोत. तूर काढून झाली, हरभरा घाट्यांवर आला आहे. यंदा थंडी जरा लांबलीच. दुर्गाचे गुडघे थंडीत कुरकुरतात आणि त्याहून जास्त ती माझ्यावर कुरकुरते. संक्रांतीला तू पाठवलेला तिळगूळ पोचला. वड्या चांगल्याच कडक होत्या, माझे दात शाबूत आहेत हे त्यामुळे कळलं. तुझ्या शाळेत स्नेहसंमेलनाची गडबड असेल, घसा सांभाळ.

तुझे फोन मी पाहिले. उचलले नाहीत. रेंज नव्हती असं लिहिणार होतो, पण आपल्या घरासमोरच टॉवर उभा आहे हे तुला माहीत आहे. फोनवर माणसाला लगेच काहीतरी बोलावं लागतं. कागदावर मध्येच थांबता येतं, म्हशीला वैरण टाकून परत येऊन बसता येतं. म्हणून हे पत्र. माझं अक्षर लावायची तुला सवय आहे.

आधी पार्थच्या प्रश्नाचं उत्तर देतो. डिसेंबरात अंबडला कॉलेजच्या मैदानावर बास्केटबॉलची फायनल होती, त्या दिवशी तू त्याला आणि त्याच्या आईला घेऊन आलीस आणि आपल्या पायऱ्यांवर माझ्याशेजारी बसवलंस. मध्यंतरात त्याने विचारलं, "मामा, तुम्ही ह्याच कॉलेजात होता का?" मी म्हणालो, न्हाई बाबा, मी वडीगोद्रीला दहावीपर्यंत शिकलो, पुढं शेती. "मग ह्या टीमचं इतकं वेड कसं लागलं?" तेवढ्यात शिट्टी झाली आणि उत्तर राहून गेलं. ते आता लिहितो, त्याला वाचून दाखव.

मी मूळचा कबड्डीतला माणूस. अंगाला माती लागली नाही तर तो खेळ कसला, असं माझं मत. आपला कल्याण अंबडला कॉलेजात बास्केटबॉलच्या टीममध्ये गेला तेव्हा मी त्याला विचारायचो, टोपलीत चेंडू टाकायला एवढे भारी बूट कशाला लागतात. तो हसून सोडून द्यायचा. मग एका वर्षी दिवाळीनंतर कापूस फुटून लोंबत होता, वेचायला बाया मिळत नव्हत्या आणि हा पठ्ठ्या 'प्रॅक्टिकल आहे' म्हणून सकाळीच निघून गेलेला. चहाच्या टपरीवर त्याच्याच एका दोस्ताने सांगितलं की आज मॅच आहे. मी मोटारसायकल काढली आणि त्याला कान धरून आणायला अंबडला निघालो.

मैदानाशेजारच्या त्या सिमेंटच्या पायऱ्यांवर मी पहिल्यांदा उभा राहिलो तो असा. चारचौघांत कान धरायला नको म्हणून मॅच संपायची वाट बघत होतो. समोर संभाजीनगरकडच्या कुठल्याशा कॉलेजची टीम होती, एकेक पोरगं ताडासारखं. आपली टीम अगदी थोडक्याने मागे होती आणि वेळ संपत आली होती. कल्याणला दोन फ्री थ्रो मिळाले. त्याने चेंडू आपटला, मान वर केली आणि त्याला बरोबर रिंगच्या मागे त्याचा बाप दिसला. दोन्ही नेम चुकले.

माझ्या शेजारच्या माणसाने कपाळावर हात मारला. "कोनाचं पोरगं हाय रे हे?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "आपलंच हाय."

"आपलं हाय म्हनून तर जीव तुटून राह्यलाय," तो म्हणाला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून बसला. मी त्या पोराचा बाप आहे हे त्याला कळलंच नाही. त्याला वाटलं मी कॉलेजचं म्हणतोय. मला काय वाटलं ते मलाही नीट सांगता येत नाही, पण मी त्याच्याजवळ बसून राहिलो आणि आम्ही दोघं मिळून ती मॅच हरलो.

परत येताना कल्याण मागे बसला होता, बोलणी खायची तयारी करून. पाथरवाल्याच्या फाट्याशी मी गाडी हळू केली. मग विचारलं, "त्या लांबड्या पोराला अडवायला दोघं का न्हाई गेले रे?" त्यानंतर तो जो हसत सुटला, तो घर येईपर्यंत. कापूस आम्ही दुसऱ्या दिवशी वेचला.

वेड असं लागलं. कॉलेज जिंकतंय म्हणून मी गेलो असतो तर हरल्यावर परत आलो असतो. हरलेल्या पोराला गाडीवर मागे बसवून घरी आणलं, त्यामुळे सुटका राहिली नाही. कल्याणचं कॉलेज संपलं, त्याला जालन्यात नोकरी लागली, तरी मी सीझन सुरू झाला की अंबडला जायचोच. तो मला म्हणायचा, "दादा, आता तिथं आपलं कोन हाय?" खरं तर कुणीच नसायचं. कॉलेजच्या टीमचं हे असंच असतं. पोरांची नावं पाठ होईपर्यंत त्यांचा शेवटचा निकाल लागतो आणि ती निघून जातात. पुढच्या वर्षी अनोळखी पोरं तोच निळा रंग घालून उतरतात आणि आपला जीव पुन्हा तेवढाच खालीवर होतो.

मग तू आलीस. लग्नानंतर पहिल्याच दिवशी तू मला 'अंकल' म्हणालीस आणि दुर्गाच्या हातातला तवा राहिला हातात. "आमच्यात सासऱ्याला मामा म्हणतेत," तिने तुला सांगितलं. जालन्याची पोरगी, तुला ते जड जाईल असं वाटलं होतं. पण पुढच्या मॅचला तू पायऱ्यांवर उभी राहून एवढ्या मोठ्यानं ओरडलीस, "मामा, इकडं या, जागा धरलीय," की सगळ्या कॉलेजने तो शब्द उचलला. आता पोरं, सर, गेटवरचा वॉचमन, सगळे मला मामाच म्हणतात. माझं नाव भुजंग आहे हे तिथे कुणाला माहीत असेल असं वाटत नाही.

कल्याण गेला त्या वर्षी मी तिकडे फिरकलो नाही. बीडच्या रस्त्यावर काय झालं ते तुला लिहायची गरज नाही. दुसऱ्या वर्षी सोयाबीन घेऊन मार्केटला गेलो होतो. परत येताना कॉलेजच्या भिंतीपलीकडून चेंडू आपटल्याचा आवाज आला आणि गाडी आपोआप आत वळली. बघतो तर कल्याणच्या सात नंबरची जर्सी दुसऱ्याच पोराच्या पाठीवर. तो होता तोवर ती कुणीही घातली तरी मला काही वाटायचं नाही, पण त्या दिवशी माझं डोकं फिरलं. टीमचे कोच काकासाहेब सर, त्यांना जाऊन विचारलं, "सात नंबर कोनाला विचारून दिला?" सर बिचारे घाबरून गेले. म्हणाले, "मामा, कल्याण गेल्यावर त्याचा नंबर आम्ही एक वर्ष तसाच ठिवला होता. पन कॉलेजची टीम हाय. येणाऱ्या पोराला अंगावर घालायला काही तरी द्यावं लागतं." मी गाडी वळवली आणि घरी आलो.

पुढच्या मॅचला तूही माझ्याबरोबर होतीस. तुला मी सांगितलं नव्हतं, पण मी ते पोरगं पडावं म्हणून बघायला आलो होतो. संघपाल त्याचं नाव. डावखुरा, बुटका, कल्याणसारखं त्याच्यात काहीच नाही. त्याने समोरच्याच्या हातातून चेंडू काढला आणि एकटा पळत सुटला, तेव्हा मी उभा राहून "सात, सात" म्हणून ओरडत होतो. आपण काय ओरडतोय ते कळलं आणि मी तसाच उभा राहिलो. तू माझं उपरणं ओढून मला खाली बसवलंस आणि मॅच संपेपर्यंत ते सोडलं नाहीस.

सोमवार

काल इथेच थांबलो. आता मूळ गोष्टीवर येतो, नाही तर दुर्गा म्हणते तसं मी फक्त मैदानालाच गोल गोल चकरा मारत राहीन.

मी फायनलला येताना, तू ज्याच्याशी लग्न करणार तो पार्थ वाईट निघावा अशी माझी इच्छा होती. उर्मट असावा, फोनमध्ये डोकं घालून बसावा, म्हणजे मला तुला काही सांगता आलं असतं. तो तसा निघाला नाही. आल्या आल्या त्याने विचारलं, "आपली टीम कोणती, निळी का पांढरी?" आणि दोन मिनिटांनी पांढऱ्यांनी बास्केट केल्यावर उभा राहून टाळ्या वाजवल्या. सगळ्या पायऱ्या त्याच्याकडे बघायला लागल्या. तो ओशाळला आणि खाली बसला, पण पुन्हा चुकला नाही. 'आपली' म्हणायला मला एक अख्खी हार लागली होती. हा ते विचारतच आला.

त्या दिवशी सगळी पोरं मला मामा मामा करत होती, तूही करत होतीस. त्यामुळे त्याच्या आईचा, सरोजिनीबाईंचा, समज झाला की मी तुझ्या आईचा भाऊ. जाताना त्या हात जोडून म्हणाल्या, "मुलीचे मामा एवढे हौशी, लग्नात मुलीमागं तुम्हीच उभे राहा." तू खाली मान घातलीस, मी पायऱ्यांकडे बघत राहिलो. तुझ्या आईला सख्खा भाऊ नाही. मागच्या वेळी त्यांचे चुलतभाऊ मागे उभे राहिले होते, आणि यावेळी ते म्हणाले की दुसऱ्या लग्नाला मामा उभा राहत नसतो. हे तू दुर्गाला फोनवर सांगितलंस तेव्हा मी बाजेवर पडून ऐकत होतो.

मग तू सरोजिनीबाईंना खरं सांगून टाकलंस, की हे मामा नाहीत, सासरे आहेत, कल्याणचे वडील. हे सांगितलंस ते फार चांगलं केलंस. त्या काय म्हणाल्या ते तुझ्या रेकॉर्ड केलेल्या निरोपात मी ऐकलं: "आमच्याकडंही सासऱ्याला मामाच म्हणतात. मग अडलं कुठं?" आणि त्याच्यापुढे तुझा आवाज: "मामा, तुम्ही उभे राहाल का? नाही म्हणालात तरी मला राग येणार नाही." तो निरोप मी शेतात ऐकला, गोठ्यात ऐकला, आणि उत्तर दिलं नाही.

अडलं कुठं ते सांगतो. गावात लोक म्हणतात, सासरा सुनेचं लगीन लावून राह्यला. म्हणू देत. त्यांचं मला काही वाटत नाही. मला भीती वाटते ती माझीच. माझ्या पोराच्या जागी दुसरा उभा असेल, त्याच्या हातात तुझ्यासाठी हार असेल आणि मी तुझ्या मागे, अगदी समोरासमोर. त्या वेळी माझ्या तोंडावर काय दिसेल ते मला सांगता येत नाही. तुझ्या सुखाच्या घडीला ते दिसू नये एवढंच वाटत होतं. तू सुखी व्हावीस हे मला मनापासून हवं आहे, गंधाली. आणि कल्याणची आठवण माझ्याइतकीच ठेवणारं माणूस या घरातून जातंय याचं दुःखही होतंय. दोन्ही खरं आहे.

हे एवढं लिहून आज सकाळी मी ओसरीत बसलो होतो. दुर्गा तूर पाखडत होती. तुझा फोन आल्यापासून तिने या विषयावर एक शब्द काढला नव्हता. सूप न थांबवता म्हणाली, "उभं राहनार का?"

"ठरलं न्हाई," मी म्हणालो.

"मंग पिवळी साडी कोन नेनार? मामाकडची असती ती. पोरगी काय सवताच्या पैशानं आनून नेसनार का?"

तिने सूप खाली ठेवलं आणि पदर तोंडाला लावला. कल्याण गेल्यापासून ती माझ्यासमोर रडली नव्हती, मला वाटायचं बाहेर जाऊन रडत असेल. मीही तिथेच बसून रडलो. मग चहा झाला आणि आम्ही बसने अंबडला गेलो.

दुकानदाराने गठ्ठेच्या गठ्ठे उलगडले. एकीचा पोत पातळ, एकीचा रंग विटका, एकीचे काठ म्हणे म्हातारीला शोभतील असे. दुर्गा साडी दारापर्यंत उन्हात नेऊन बघायची आणि परत आणायची. शेवटी हळदीचा रंग आणि हिरवे काठ अशी घेतली. आपल्या घरात सून म्हणून तुला साडी घेतानाही तिने एवढा वेळ लावला नव्हता. दुकानदार कंटाळून म्हणाला, "आजी, कोनासाठी घेऊन राह्यल्या एवढी पारखून?" ती म्हणाली, "आमच्या पोरीला."

दुर्गा लग्नाला येणार आहे. मंगलाष्टकं चालू असताना ती मांडवात थांबेल की बाहेर जाऊन उभी राहील, ते तिलाही माहीत नाही. बाहेर गेली तर तू वाईट वाटून घेऊ नकोस आणि कुणाला तिच्यामागे पाठवू नकोस. माझे डोळे भरले तर घाबरू नये, हे पार्थला आधीच सांगून ठेव.

वसंत पंचमीला गुरुजी हाक देतील, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं." त्या वेळी दाराकडे बघत बसू नकोस. मी उठलेला असेन.

तुझा मामा,
भुजंग